बोलणारी माडी, वाजणारी फरशी

वर्धा शहर वाढत वाढत नालवाडीच्या गावठाणाला येऊन भिडले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. अशा गावात जुन्या घराच्या जमिनीबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली वरच्या मजल्याची. सागवानी फळ्यांच्या माडीवर चालले की पावलागणिक कुरकुर होते, मध्येच एखादी फळी दबते आणि खालच्या खोलीत माती झडते. दुसरी खालची. मागाहून बसवलेली फरशी टाचेखाली पोकळ वाजते, सांधे उघडतात, कोपऱ्यातली एखादी फरशी डुगडुगते. सुतार म्हणतो, चार खिळे मारून देतो. गवंडी म्हणतो, सगळे उखडा आणि टाइल बसवा. इंजिनिअर म्हणतो, लाकूड काढून स्लॅब टाका. जुन्या वास्तूंची कळकळ असणारा म्हणतो, कशालाच हात लावू नका. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि प्रत्येकाचे काहीतरी सुटलेही आहे. आजवर सुचवले गेलेले उपाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वरचे लाकूड आणि खालची काळी माती, दोन्ही पाणी पिऊन फुगतात आणि सुकून आकसतात. आवाज हे त्या हालचालीचे लक्षण आहे. म्हणून पाणी कुठून येते आणि कोणत्या ऋतूत काय हलते याचा छडा आधी लागला पाहिजे. खिळा की स्क्रू, चुना की सिमेंट, हा प्रश्न त्यानंतरचा.

जमीन आधी कशी होती

या पट्ट्यातली जुनी जमीन मुळात मातीचीच. विनोबा १९३८ मध्ये पवनारला गेले, त्याआधी ते नालवाडीत राहत; १९३४ साली ग्रामसेवा मंडळाचे कामही याच गावातून उभे राहिले. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात आले आणि तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या झाल्या. त्यामागे विचार होता खरा, पण बांधायची रीत गावाचीच होती. मुरूम टाकायचा, पाणी मारून धुम्मसाने चोपायचा, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा आणि शेणाने सारवायचे. ही जमीन वाजत नसे. तिलाही भेगा पडत, पण त्या पुढच्या सारवणात बुजत. दर आठ-पंधरा दिवसांची ती सारवण म्हणजे घरातल्या बाईने केलेली दुरुस्तीच होती. त्या दुरुस्तीचे श्रम कुणी मोजले नाहीत, म्हणून ती बंद झाल्यावर काय गेले तेही कुणाच्या ध्यानात आले नाही. पुढे शहाबादी फरशी आली, कोबा आला, मग चकचकीत टाइल आली. एकदा बसवली की पाहायला नको, ही अपेक्षा या नव्या जमिनींसोबत घरात शिरली. आजच्या तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी या अपेक्षेत आहे.

ऐपतदार घरांना माडी असे. खणाखणांची सागवानी चौकट, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि पुष्कळ घरांत फळ्यांवर पुन्हा मातीचा थर देऊन सारवण. हाच आपला कडीपाट. विदर्भात साग घरचा, त्यामुळे लाकडात हात आखडता घेतला जात नसे. जुन्या व्यवस्थेतली आणखी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. गाव पांढरीवर आणि शेत काळीत, ही विभागणी आपल्या भाषेत इतकी मुरली आहे की तिचा बांधकामाशी असलेला संबंध नजरेआड होतो. पांढरीची माती फार फुगत नाही. काळी फुगते. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर प्लॉट पडू लागले, तशी घरे प्रथमच मोठ्या संख्येने काळीवर उभी राहिली. त्या घरांपैकी पहिली आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत आणि जुन्या घरांतच जमा झाली आहेत. तेव्हा ‘जुने घर’ म्हणताना गावठाणातले माडीचे घर आणि प्लॉटवरचे फरशीचे घर, असे दोन वेगळे रोगी आपल्यासमोर असतात.

आवाज येतो कुठून

लाकूड तुटेपर्यंत बोलत नाही, हा समज चुकीचा आहे. आवाज बहुतेक वेळा घासण्याचा असतो. फळी खिळ्यावर वरखाली सरकते, एका फळीची कड दुसरीला घासते, किंवा कडी भिंतीतल्या आपल्या बसणीत हलते. वर्ध्याचे हवामान या तिन्हींना पोषक आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब होते. साग हे सर्वांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक आहे, तरीही ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसते. उन्हाळा आणि पावसाळा यांत लाकडातली ओल साधारण दहा टक्क्यांनी खालीवर झाली असे धरले, तर २० सेंटिमीटर रुंदीची आडव्या कापाची फळी दरवर्षी जवळजवळ ४ मिलिमीटर हलते. उभ्या कापाची तेवढीच फळी दीड मिलिमीटरच्या आसपास. जुने सुतार फळी निवडताना तिच्या टोकाच्या रेषा पाहत, त्यामागचे कारण हेच.

या हिशेबातून रोगनिदानाची एक सोपी वाट निघते. कुरकुर उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात थांबत असेल, तर फळी आकसून खिळ्याभोवती सैल झाली आहे. पावसाळ्यात वाढत असेल, तर फुगलेल्या कडा एकमेकींना घासत आहेत. या दोन्हींत घराला धोका नाही. पण बाराही महिने आवाज आहे, वर्षागणिक वाढतो आहे, आणि चालताना जमीन किंचित झुलतेही आहे, असे असेल तर शंका कडीच्या टोकावर घ्यावी. विदर्भातल्या घरात ही साखळी बहुधा छपरापासून सुरू होते. वानरांनी उडी मारली की कवेलू फुटतात, पावसाचे पाणी भिंतीच्या माथ्यावर झिरपते आणि मातीच्या भिंतीत पुरलेले कडीचे टोक ओले राहते. त्या टोकाला हवा लागत नाही आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. सागाचा गाभा वाळवीला दाद देत नाही. बाहेरचे फिकट लाकूड मात्र ती खाते, आणि सतत ओल मिळाली तर गाभाही कुजतो. टोक खचले की कडी वाकते, फळ्या खिळ्यांवरून उचलल्या जातात आणि माडी बोलू लागते. फळीवर खिळे मारणारा सुतार अशा वेळी केवळ आवाज बंद करत असतो. लोखंडी टोच्याने टोक टोचून पाहिले, हातोडीने ठोकून भरीव की भद्द आवाज येतो ते ऐकले, तर निदान अर्ध्या तासात होते.

खालच्या जमिनीची गोष्ट निराळी असली तरी तिचे गणित तेच आहे. दख्खनच्या बसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. ते आपल्या थरांमध्ये पाणी घेऊन फुगते, म्हणूनच उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. घर बांधले की त्याखालच्या मातीवर ऊन-पाऊस पडेनासा होतो. घराच्या मधोमध ओल साठून राहते आणि कडेची माती मात्र ऋतूप्रमाणे हलत राहते. त्यामुळे मधला भाग उचलला जातो आणि भिंतीलगतचा खचतो. फरशीखालचा मसाला अशा वेळी सुटतो आणि फरशी पोकळ वाजू लागते. अर्थात पोकळ आवाजाचे खापर दरवेळी काळीवर फोडता येत नाही. गवंड्याने फरशीखाली पूर्ण मसाला न भरता पाच ठिपके दिले असतील, तर उत्तम मुरमावरची फरशीही वाजते. फरक ओळखायचा तो असा: ठिपक्यांमुळे येणारा आवाज पहिल्या दिवसापासून असतो आणि बदलत नाही; मातीचा आवाज भिंतीच्या तिरप्या भेगा आणि अडकणारी दारे सोबत घेऊन येतो.

माडीच्या दुरुस्तीतील मतभेद

सुतारांची पद्धत सर्वांत जुनी आणि स्वस्तही. आहे ते लाकूड ठेवायचे आणि सांधे घट्ट करायचे. फळी आणि कडी यांत फट दिसली तर खालून पातळ सागवानी पाचर सरकवायची, पण ठोकायची नाही. ठोकली की फळी उचलली जाते आणि आवाज शेजारी सरकतो. गंजलेले खिळे काढून आधी भोक पाडून स्क्रू लावायचे, कारण सागात भोकाशिवाय स्क्रू घातला तर फळीचे टोक फाटते. कडा घासत असतील तर फटीत शंखजिऱ्याची पूड सोडायची. झुलणाऱ्या कडीला शेजारी जोडकडी द्यायची, दोन कड्यांच्या मध्ये आडवे ठोकळे बसवायचे. कुजलेले टोक असेल तर तेवढाच भाग कापून नवा सागवानी जोड द्यायचा, किंवा भिंतीलगत खांब उभा करून भार त्यावर घ्यायचा. डिंकावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की सागात नैसर्गिक तेल असते. ते पुसून घेतल्याखेरीज कोणताही डिंक नीट धरत नाही. या पद्धतीवरचा आक्षेप असा की ती सुताराच्या हातावर अवलंबून असते आणि काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. आक्षेप खरा आहे. परंतु पुन्हा करता येणे हा मला या पद्धतीचा दोष वाटत नाही. लाकूड दरवर्षी हलणार असेल, तर कायमची घट्ट दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यात दुसरीकडे फुटते.

स्लॅबच्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. वाळवी नाही, आवाज नाही, वर संडास-न्हाणीघर करता येते, बँकेचे कर्ज मिळायला सोपे जाते. मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळ नेमले गेले आणि लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी तुळया घालण्याची रीत तिथे रुळली. हजारो कुटुंबे त्या दुरुस्त्यांमुळे आपल्या घरात राहू शकली. पण तिथल्या भिंती बहुतांशी विटांच्या. वर्ध्याच्या गावठाणात मातीच्या भिंतीवर तोच उपाय लागू करताना वजनाचा हिशेब करावा लागतो. पंचवीस मिलिमीटर फळ्या आणि कड्या मिळून चौरस मीटरला साधारण ४० किलो भरतात. सव्वाशे मिलिमीटरचा स्लॅब ३०० किलोंच्या वर जातो. तीन मीटर बाय चार मीटरच्या खोलीत अर्ध्या टनाच्या जागी पावणेचार टन आले, आणि भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घरासाठी धरावा लागणारा चौरस मीटरला २०० किलोंचा भार त्यावर वेगळा. माणसांच्या डोक्यावरचे वजन आणि भिंतीची ताकद यांचा मेळ नसेल तर काय होते, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड माळवदांखाली गेलेल्या गावांनी दाखवले आहे. वर्धा किल्लारी नव्हे, हे मान्य. तरी स्लॅब टाकायचा तर त्यासाठी स्वतंत्र खांब आणि पाया हवा. मग ती दुरुस्ती राहत नाही, जुन्या घराच्या पोटात नवे घर बांधणे होते. तसे करायचे असेल तर उघड डोळ्यांनी करावे.

वारसा जपणाऱ्यांचे मत तिसरे. भारतीय सांस्कृतिक निधी म्हणजे ‘इंटॅक’ १९८४ पासून याच क्षेत्रात आहे, आणि जुन्या लाकडी वास्तूंबद्दलची आंतरराष्ट्रीय तत्त्वेही हेच सांगतात की हात कमीत कमी लावावा, जे लावाल ते पुढे काढता यावे, आणि जोडायचे लाकूड शक्यतो त्याच जातीचे असावे. आवाजाबद्दल हे लोक अधिक सहिष्णू असतात. क्योतोच्या निजो किल्ल्यातली ‘बुलबुलाची जमीन’ त्यांच्या बोलण्यात नेहमी येते. चोराची चाहूल लागावी म्हणून ती मुद्दाम तशी केली, अशी कथा प्रसिद्ध आहे. किल्ल्यावरची माहिती मात्र सांगते की फळ्यांखालच्या लोखंडी पकडी आणि खिळे झिजून सैल झाल्यामुळे हा आवाज येतो. म्हणजे तिथेही कारण आपल्याच माडीचे. जगाने त्या आवाजावर प्रेम केले, एवढाच फरक. या मताला व्यावहारिक आक्षेप असा की घरात तान्हे मूल, आजारी म्हातारे माणूस किंवा रात्री अभ्यास करणारी मुलगी असेल तर कुरकुर सहन करायला सांगणे हा इतरांच्या सोयीने केलेला उपदेश ठरतो. तो आक्षेप मला पटतो. पण ‘काढता येईल असेच जोडा’ हे त्यांचे सूत्र राहत्या घरालाही तितकेच उपयोगी आहे, कारण निदान चुकले तर मागे फिरता येते. राळेने किंवा सिमेंटने भरलेल्या फटीतून मागे फिरता येत नाही.

खालच्या फरशीचे काय

पोकळ फरशीसाठी बाजारात आज सर्वाधिक खपणारा उपाय म्हणजे सांध्यातून भोक पाडून राळ किंवा सिमेंटचे पाणी सोडणे. एका दिवसात काम होते, सामान हलवावे लागत नाही. ठिपक्यांवर बसवलेल्या फरशीला हा उपाय खरोखर लागू पडतो. खाली काळी माती हलत असेल तर मात्र भरलेला मसालाही तिच्यासोबत हलतो आणि दोन पावसाळ्यांत आवाज परततो. मग फरशी उचलून तळापासून जाणे भाग पडते, आणि तळात काय भरायचे यावर अभियंत्यांतच जुना वाद आहे. काळी माती खणून त्या जागी वाळू भरायची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. वाळू फुगत नाही हे खरे, पण ती पाणी अडवत नाही. पाणी तिच्यातून थेट खालच्या काळीपर्यंत पोहोचते. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात या वाळूच्या गादीच्या मर्यादा दाखवल्या आणि न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा, साधारण एक मीटर जाडीचा थर अधिक परिणामकारक ठरतो असे मांडले. आपल्याकडचा चांगला, थोडा चिकणा मुरूम त्या वर्णनाच्या बराच जवळ जातो. धुम्मसाने मुरूम चोपणारे जुने हात कुठल्या दिशेने जात होते, हे त्यावरून कळते. रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली फुगीर असलेले पायाचे खांब नव्या भिंतींसाठी चांगले; उभ्या असलेल्या घराच्या फरशीला त्यांचा उपयोग नाही.

घराच्या आत एक मीटर खणणे प्रत्येकाला परवडणारे नाही, आणि इथे एक स्वस्त उपाय नेहमी मागे पडतो. जोत्याभोवती मीटरभर रुंदीचा, बाहेर उताराचा पक्का पट्टा करणे, पन्हाळीचे पाणी भिंतीपासून लांब नेणे, मोरीची गळती थांबवणे आणि भिंतीलगतचे मोठे झाड पाणी कसे ओढते ते पाहणे. यामुळे मातीतली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते, आणि ओल सारखी राहिली की काळी हलत नाही. दिसायला ही दुरुस्ती फरशीची नसतेच, म्हणून घरमालक तिच्यावर पैसे घालायला तयार होत नाही. माझ्या मते फरशीला हात लावण्याआधी एक पावसाळा हे करून पाहिले पाहिजे.

कधी करावी, आणि त्यावरचे आक्षेप

मुहूर्ताकडे वरच्या बहुतेक मतांचे दुर्लक्ष झाले आहे. मे महिन्यात फट रुंद दिसते, म्हणून तेव्हा पाचर मारली तर जुलैमध्ये फळीला फुगायला जागा उरत नाही आणि ती मधून उचलते. ऑगस्टमध्ये फळ्या घट्ट दिसतात, म्हणून तेव्हा नव्या बसवल्या तर उन्हाळ्यात फटी उघडतात. भुईचेही असेच. पूर्ण सुकलेल्या काळीवर उन्हाळ्यात बसवलेली फरशी पहिल्याच पावसात उचलली जाते. लाकूड आणि माती दोन्ही मधल्या ओलीवर असतात तो काळ दिवाळीनंतरचा, कार्तिक-मार्गशीर्षाचा. माडीचे आणि फरशीचे काम एकाच हंगामात सोयीचे पडते, हा योगायोग नाही. कारण एकच असल्याने वेळही एकच येते.

यावर पहिला आक्षेप असा की लोकांना कामगार मिळतो तेव्हा काम करावे लागते, आणि लग्न असते मेमध्ये. अशा वेळी निदान फळीला एका कडेनेच बांधावे, दुसरी कड हलायला मोकळी ठेवावी, आणि फरशीच्या सांध्यात भिंतीलगत बोटभर जागा सोडावी. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निदानासाठी वर्षभर आवाज ऐकत बसलो आणि तेवढ्यात कडी मोडली तर? झुलणारी जमीन, टोच्याला मऊ लागणारे टोक, भिंतीतून बाहेर सरकलेली कडी, यांतले काहीही दिसले तर वाट पाहायची नसते. त्याच दिवशी खाली टेकू द्यावा आणि वरचे वजन काढावे. संयम फक्त कुरकुरीसाठी आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. निदानाला पैसे आणि दुरुस्तीला वेगळे पैसे, असे कोण देतो? पण एका खोलीची फरशी दोनदा बदलण्याचा खर्च पट्ट्याच्या आणि पन्हाळीच्या खर्चापेक्षा किती जास्त होतो, हे कोणताही गवंडी प्रामाणिकपणे सांगेल.

जे अजून सुटलेले नाही

काही प्रश्न अजून उघडे आहेत. आपल्या हवेत, वातानुकूलन नसलेल्या जुन्या घरात, सागाची फळी वर्षभर नेमकी किती ओल घेते याचे घरोघरचे मोजमाप क्वचितच होते. वर दिलेला हिशेब लाकडाच्या सर्वसाधारण गुणधर्मांवरून काढलेला आहे. फरशीखाली प्लास्टिकचा कागद घालावा की नाही, यावरही एकमत नाही. तो ओल वर येऊ देत नाही, पण मातीच्या भिंतींच्या घरात अडलेली ओल बाजूने भिंतीत चढते, असा अनुभवी गवंड्यांचा आणि चुन्याचा पुरस्कार करणाऱ्यांचा दावा आहे. चुन्याचा थर श्वास घेतो म्हणून तो बरा, असे म्हणावे तर नीट मुरवलेला चुना मिळत नाही आणि तो वापरणारे हात कमी झाले आहेत. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने माती आणि कवेलूच्या बांधकामावर अनेक वर्षे काम केले आहे. तिथले ज्ञान नव्या घरांकडे वळले. जुन्या माडीच्या दुरुस्तीसाठी सुतारांना शिकवण्याची तशी व्यवस्था उभी राहिली, तर सांधा जोडणारा माणूस शोधण्याची वणवण थांबेल.

सर्वांत अवघड प्रश्न उंबरठ्याबाहेरचा आहे. गावात रस्त्यावर रस्ता चढतो. डांबराच्या थरावर सिमेंटचा थर येतो, जुना थर उकरला जात नाही, आणि दर खेपेला रस्ता वीतभर वर जातो. चार पायऱ्यांचे जोते दोन पायऱ्यांवर येते, मग रस्त्याच्या पातळीला. पावसाचे पाणी, जे पूर्वी घरापासून रस्त्याकडे वाहायचे, ते आता रस्त्याकडून भिंतीकडे वाहते. तळाची माती ओली होते, भिंत ओल ओढते, खालची फरशी सुटते, भिंत बसते आणि तिच्यात अडकलेली कडी आपल्या जागी हलते. अशा घराची माडी कुरकुरू लागली, तर घरमालक पाचर मारू शकतो, जोडकडी देऊ शकतो, पट्टाही करू शकतो. पट्ट्याला उतार द्यायला मात्र त्याच्याकडे खालची जागाच उरलेली नसते. नवा थर टाकण्याआधी जुना उकरावा आणि नाली जोत्याच्या खाली ठेवावी, हे ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात लिहिले जाईपर्यंत त्या माडीची दुरुस्ती अर्धीच राहणार आहे.